जहाजावरील उदरविकार : नोंद, पाणी आणि विलगवास

कोकणच्या किनाऱ्याने आगबोटींची वाहतूक चालत होती त्या काळापासून ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. लाटांच्या हेलकाव्याने मळमळणे, वांती होणे, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे त्यात अभिप्रेत असतात; आणि धक्क्यावर पाय ठेवताच ती ओसरतात, हेही त्यात गृहीत असते. सागरप्रवासातील आजारांच्या इतिहासाचा विचार करणाऱ्यास या निरुपद्रवी वाक्प्रचारापाशी क्षणभर थांबणे प्राप्त आहे. वांती हे बोट लागल्याचे लक्षण आहे, तसेच ते नासलेल्या अन्नाचे, दूषित पाण्याचे आणि पटकीचेही लक्षण आहे. आजाराच्या पहिल्या प्रहरात या सर्वांस एकच सौम्य नाव देता येते. ते नाव देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांचे हित पुष्कळदा सौम्य नावातच गुंतलेले होते.

जहाजावरील उदरविकारांचा इतिहास सामान्यतः शास्त्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम अज्ञान, नंतर जंतूंचा शोध, त्यानंतर शुद्ध पाणी आणि अखेरीस योग्य उपचार, असा त्याचा क्रम लावण्यात येतो. हा क्रम खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. जहाजावर आजारी पडलेल्या माणसाने आपला आजार उघड करावा की लपवावा, आणि उघड केल्यास त्याचे काय होईल, हा प्रश्न त्या क्रमात कोठेच बसत नाही. वस्तुतः प्रत्येक कालखंडात साथीचा फैलाव याच प्रश्नाच्या उत्तरावर बऱ्याच अंशी अवलंबून राहिला आहे. आज ज्या प्रवासाला ‘क्रूझ’ म्हणतात, त्या विहारयात्रेचे आरोग्यविषयक नियम पाहिले, तर तेही या प्रश्नातून सुटलेले नाहीत असे दिसते.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, पहिली मोठी साथ बंगालमधून १८१७ मध्ये बाहेर पडली. दुसरी साथ १८३२ मध्ये अटलांटिक ओलांडून कॅनडात पोचली ती स्थलांतरितांच्या जहाजांतून. क्वेबेकच्या खालच्या बाजूस, सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस आयल या बेटावर त्याच वर्षी क्वारंटीनचे ठाणे उभारण्यात आले. तरीही साथ शहरात शिरली. जहाजाच्या तळमजल्यावर, ज्याला ‘स्टीअरेज’ म्हणत, शेकडो माणसे आठवडेच्या आठवडे कोंडलेली असत. पिण्याचे पाणी लाकडी पिंपांत भरलेले असे, ते बहुधा निघतेवेळच्या बंदरातील नदीचेच असे, आणि वादळात वरची दारे बंद झाली म्हणजे मलमूत्राची विल्हेवाट त्याच जागेत होई. अशा स्थितीत एक आजारी माणूस पुरेसा होता.

याच वर्षी स्कॉटलंडमधील लीथ या बंदरात टॉमस लॅटा या वैद्याने पटकीच्या रोग्यांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडून पाहिले. आयरिश वैद्य विल्यम ओशॉनेसी यांनी रोग्यांचे रक्त तपासून असे दाखविले होते की, त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झालेले असतात. लॅटा यांनी त्यावरून सरळ अनुमान काढले : जे गेले आहे ते परत द्यावे. काही मरणासन्न रोगी उठून बसले. परंतु पाणी व साधने निर्जंतुक करण्याची कल्पना त्या काळी नव्हती, अनेक रोगी पुढे दगावले, आणि हा उपचार मागे पडला. जहाजावरील डॉक्टरच्या पेटीत कॅलोमेल, अफूचा अर्क आणि ब्रँडी हीच औषधे पुढील दोन पिढ्या राहिली. कॅलोमेल हा पाऱ्याचा क्षार. तो रेचक आहे. ज्याच्या शरीरातील पाणी आधीच वाहून जात आहे त्याला रेचक द्यावयाचे, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. पण शरीरातील दोष बाहेर काढून टाकला पाहिजे, या जुन्या समजुतीला ती धरूनच होती.

हिंदुस्थानातून निघणाऱ्या जहाजांत दोन प्रकार या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे होत. एक गिरमिटिया मजुरांची जहाजे, दुसरी हाजींची. गिरमिटियांची वाहतूक १८३४ पासून मॉरिशसकडे सुरू झाली. त्यांपैकी काही मजूर मुंबई बंदरातून गेले आणि मॉरिशसमधील आजच्या मराठी समाजाचे मूळ त्यांच्यातच आहे. कलकत्त्याहून वेस्ट इंडीजला जाणारा प्रवास मात्र फार लांबचा होता. १८५६-५७ च्या हंगामात त्या मार्गावरील मजुरांपैकी सुमारे १७ टक्के वाटेतच मरण पावले. पटकी, आमांश आणि गोवर ही त्याची मुख्य कारणे होती. पुढे या जहाजांवर सर्जन-सुपरिंटेंडेंट नावाचा अधिकारी सक्तीचा झाला आणि त्याचा मोबदला जिवंत उतरविलेल्या माणसांच्या संख्येवर ठरविण्यात आला. ही योजना मजुरांवरील दयेपेक्षा मळेवाल्यांच्या हिशेबातून निघाली, हे खरे. तथापि तिचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे : आजारी माणूस लवकर सापडणे यात प्रथमच कोणाचा तरी लाभ होता. एरवी अशी गाठ क्वचितच पडे.

हाजींच्या जहाजांवर अशी गाठ नव्हती. १८६५ मध्ये मक्केत पटकीची भयंकर साथ उसळली. त्या वर्षी सुमारे ९०,००० यात्रेकरूंपैकी १५,००० मरण पावले असा अंदाज आहे. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर साथ जेद्दाहून आगबोटीने सुएझला, तेथून रेल्वेने अलेक्झांड्रियाला आणि पुढे भूमध्य समुद्रातील बंदरांत गेली. आगबोटीच्या वेगाने रोगही वेगवान झाला, हे युरोपीय राष्ट्रांच्या तेव्हा प्रथम स्पष्टपणे ध्यानात आले. १८६६ ची कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद ही त्याचीच परिणती होय. त्या परिषदेने पटकीचे मूळ हिंदुस्थानात असल्याचा निर्वाळा दिला. हिंदुस्थान सरकारला हा निर्वाळा मानवणारा नव्हता. साथ संसर्गाने पसरते असे मान्य केले की मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक जहाजावर अटकाव आलाच, आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर तर त्या अटकावाची व्यापारी किंमत फारच वाढली. सरकारचे सॅनिटरी कमिशनर जे. एम्. कनिंगहॅम हे संसर्गाच्या मताला शेवटपर्यंत विरोध करीत राहिले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचे जंतू दाखवून दिले, तरी तो विरोध लगेच मावळला नाही. त्यांची मते केवळ व्यापारासाठी बेतलेली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ती व्यापाराला सोयीची होती, एवढे निश्चित.

तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या कामरान बेटावर तुर्की सरकारने १८८० च्या दशकाच्या आरंभी क्वारंटीनचे ठाणे स्थापन केले. मुंबईहून जाणाऱ्या हाजींना तेथे उतरावे लागे आणि त्या मुक्कामाचे शुल्क त्यांनाच भरावे लागे. जहाजावर रोगी आढळल्यास मुक्काम वाढे. मुक्काम वाढला म्हणजे शिधा संपे, पैसा संपे, आणि यात्रेचा मुहूर्त टळण्याची भीती उभी राही. वर्षानुवर्षे पै-पै साठवून, घरदार गहाण टाकून निघालेल्या माणसाने आपल्या सोबत्याचा ढाळ डॉक्टरला सांगावा, अशी अपेक्षा त्या व्यवस्थेत होती. जहाजमालकाचे हितही यापेक्षा निराळे नव्हते. मुंबईत १८८२ पासून यात्रेकरूंच्या संरक्षणासाठी ‘प्रोटेक्टर ऑफ पिल्ग्रिम्स’ हा अधिकारी नेमण्यात आला. १८८६ मध्ये टॉमस कुक या सहल-कंपनीकडे हाजींच्या वाहतुकीची व्यवस्था सोपविण्यात आली. १८९५ मध्ये पिल्ग्रिम शिप्स अॅक्ट झाला. पुढील आंतरराष्ट्रीय करारांत प्रत्येक यात्रेकरूस रोज किमान ५ लिटर पिण्याचे पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे, असे कलम आले. या सर्व तरतुदींत हे एक कलम फार मोलाचे होते. बाकीचे नियम रोग्याला अडविण्याचे होते; हा नियम त्याला रोगी न होऊ देण्याचा होता.

जहाजावरील उदरविकारांच्या संपूर्ण इतिहासात १८९२ चा उन्हाळा हा सर्वांत बोलका होय. त्यासाठी हँबुर्गला जावे लागते. तेथील हँबुर्ग-अमेरिका लाइन या कंपनीचे आल्बेर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत एक नवाच प्रयोग केला. हिवाळ्यात अटलांटिकवर श्रीमंत उतारूंची गर्दी नसे आणि मोठी जहाजे रिकामी पडत. बालिन यांनी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे वेगवान जहाज २४१ प्रवाशांसह कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या सहलीस पाठविले. या प्रवासाला पोचण्याचे ठिकाण नव्हते. फिरून परत येणे हाच त्याचा हेतू होता. दोन महिने चाललेली ही सफर आधुनिक विहारयात्रांचा आरंभ म्हणून सामान्यतः मानली जाते. पण कंपनीच्या मिळकतीचा पाया मात्र वेगळाच होता. रशियन साम्राज्यातून छळाला कंटाळून निघालेले ज्यू, पोलंडमधील शेतकरी, अशा स्थलांतरितांच्या भाड्यावर ती उभी होती. एकाच जहाजावर वरच्या मजल्यावर संगमरवरी न्हाणीघर आणि तळाशी फळ्यांच्या बाकांची रांग, ही रचना त्या काळी कोणालाही विसंगत वाटत नव्हती.

हँबुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत असे. शेजारचे आल्टोना शहर त्याच नदीचे, आणि तेही हँबुर्गच्या खालच्या अंगाचे, पाणी वाळूच्या गाळणीतून घेत असे. १८९२ च्या ऑगस्टच्या मध्यास हँबुर्गमध्ये पटकी सुरू झाली. नगरपालिका बंदर बंद पडण्याच्या भीतीने काही दिवस गप्प राहिली; २३-२४ ऑगस्टच्या सुमारास, कॉख बर्लिनहून तेथे आले तेव्हा, साथ मान्य करण्यात आली. सुमारे दोन महिन्यांत १७,००० च्या आसपास माणसे आजारी पडली आणि ८,६०० वर मरण पावली. आल्टोना बहुतांशी वाचले. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन नगरपालिकांचे नळ होते आणि साथ एकाच बाजूस होती. पाण्याने पटकी पसरते याचा इतका उघड पुरावा क्वचितच कोठे मिळाला असेल.

या मौनाच्या दिवसांतच, १७ ऑगस्टला, त्याच कंपनीचे ‘मोराव्हिया’ हे जहाज स्थलांतरितांना घेऊन न्यूयॉर्ककडे निघाले. त्याच्या टाक्यांत एल्बचे पाणी होते. ऑगस्ट संपता संपता ते न्यूयॉर्कच्या खाडीत पोचले तेव्हा वाटेत २२ माणसे मरून समुद्रार्पण झालेली होती आणि त्यांत बहुतेक मुलेच होती. जहाजावरून या मृत्यूंची कारणे ‘कॉलरीन’ आणि तत्सम अतिसाराच्या नावांखाली सांगण्यात आली. ‘कॉलरीन’ हा शब्द त्या काळच्या वैद्यकात सौम्य, साध्या ढाळवांतीसाठी वापरीत. एखाद्या जहाजावर बारा-तेरा दिवसांत २२ मृत्यू घडविणारा आजार सौम्य कसा, हा प्रश्न बंदराचे आरोग्याधिकारी विल्यम जेंकिन्स यांना पडणे स्वाभाविकच होते. पण त्या शब्दाची उपयुक्तता निदानात नव्हतीच. साथ असलेल्या शहरातून आलेले जहाज आणि साध्या हगवणीचे जहाज यांना बंदरात मिळणारी वागणूक निराळी असे, आणि त्या दोहोंमधील अंतर हा एक शब्द पार करून देऊ शकत होता.

१ सप्टेंबरला अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी स्थलांतरितांच्या जहाजांवर २० दिवसांच्या क्वारंटीनचा हुकूम काढला. ३ सप्टेंबरला ‘नॉर्मानिया’ आले. हे कंपनीच्या उत्तम जहाजांपैकी एक. त्यावर स्थलांतरित होते आणि सुखवस्तू उतारूही होते. ‘इव्हिनिंग पोस्ट’चे संपादक ई. एल्. गॉडकिन हे त्यांपैकी एक. तळमजल्यावर आणि जहाजाच्या नोकरवर्गात पटकीने मृत्यू झाले होते. तळमजल्यावरील लोकांना खाडीतील हॉफमन बेटावर आणि रोग्यांना स्विनबर्न बेटावर हलविण्यात आले. वरच्या वर्गातील उतारूंना मात्र जहाजावरच थांबविण्यात आले. या अटकावाने गॉडकिन संतापले आणि त्यांनी वृत्तपत्रांतून अधिकाऱ्यांवर झोड उठविली. स्थलांतरितांना बेटांवर दाटीने ठेवले जात होते, त्याविषयी एवढा संताप कोणी व्यक्त केला नाही.

अखेर गव्हर्नर रॉझवेल फ्लॉवर यांनी लाँग आयलंडजवळच्या फायर आयलंड बेटावरील एक हॉटेल २,१०,००० डॉलरना खरेदी केले आणि वरच्या वर्गातील उतारूंना तेथे नेण्याची व्यवस्था केली. ‘सेफिअस’ नावाच्या सहलीच्या बोटीतून ते किनाऱ्याजवळ आले, तेव्हा स्थानिक कोळी व शिंपलेवाले यांचा जमाव धक्क्यावर उभा होता. शहरातून पटकी आपल्या दारी येते आहे आणि आपल्या शिंपल्यांना मग कोणी गिऱ्हाईक राहणार नाही, अशी त्यांची धास्ती होती. उतारूंना रात्र त्या बोटीतच काढावी लागली. न्यायालयाचे हुकूम झाले, सैन्याच्या तुकड्या आल्या आणि १३ सप्टेंबरला उतारू एकदाचे हॉटेलात पोचले. स्थलांतरितांसाठी सँडी हूक येथे ‘कँप लो’ ही तंबूंची वसाहत त्यानंतर उभी राहिली. न्यूयॉर्क शहरात पटकीने मेलेल्यांची संख्या दहाच्या आसपासच राहिली. हे यश क्वारंटीनचे की शहराच्या क्रोटन जलाशयातील तुलनेने स्वच्छ पाण्याचे, याविषयी मतभेदास जागा आहे. निदानाच्या बाबतीत मात्र एक पाऊल निश्चित पुढे पडले : त्याच सप्टेंबरमध्ये हर्मन बिग्ज यांच्या पुढाकाराने शहराच्या आरोग्यखात्याने जंतुपरीक्षेची प्रयोगशाळा उघडली. ‘कॉलरीन’ या शब्दाचे आयुष्य तेथे संपत आले. रोग्याच्या मलात जंतू आहेत की नाहीत हे आता कप्तानाला विचारण्याचे कारण उरले नव्हते.

अर्थात जंतू दिसले म्हणजे प्रश्न मिटला असेही झाले नाही. १९०५ मध्ये सिनाईच्या किनाऱ्यावरील एल् तूर येथील क्वारंटीनच्या ठाण्यात फेलिक्स गॉटश्लिख यांना मक्केहून परतलेल्या मृत हाजींच्या आतड्यांत पटकीसारखेच जंतू सापडले. पण त्या माणसांना पटकीची लक्षणे झालेली नव्हती. हे जंतू निरुपद्रवी आहेत की काय, यावर कित्येक दशके वाद चालला. त्याच ‘एल् तूर’ प्रकाराने १९६१ मध्ये इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरून पटकीची सातवी जागतिक साथ सुरू केली. लक्षणांवरून माणसांची विभागणी करणाऱ्या सर्व क्वारंटीन पद्धतींचे दुबळेपण एल् तूरच्या या निरीक्षणात आधीच उघड झाले होते.

उपचाराचा निर्णायक शोध जहाजावर लागला नाही. लॅटा यांची कल्पना कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा उचलली आणि शिरेतून क्षारजल देऊन पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. अमेरिकन नौदलाचे वैद्य रॉबर्ट फिलिप्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर या उपचाराला नेमके मोजमाप दिले. परंतु शिरेतून द्यावयाचे पाणी निर्जंतुक हवे, सुया हव्यात, शिकलेले हात हवेत. पटकीमध्येही आतडे साखरेबरोबर मीठ व पाणी शोषून घेऊ शकते, हे १९६० च्या दशकात सिद्ध झाले आणि १९६८ मध्ये ढाका येथील संशोधकांनी तोंडावाटे द्यावयाचे मिश्रण परिणामकारक असल्याचे दाखविले. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या करून पाण्यात मिसळून देण्यास सुरुवात केली. शुश्रूषा रोग्यांच्या नातेवाइकांनीच केली. मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आले. निर्वासितांच्या छावणीत कसोटीस उतरलेले हेच पाणी आज विहारजहाजाच्या दवाखान्यात ढाळवांतीच्या प्रवाशास प्रथम दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार त्यात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम व ग्लुकोज १३.५ ग्रॅम, आणि त्याशिवाय पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट असते.

जेट विमानांनी १९६० च्या दशकात समुद्रपार प्रवासी जहाजांचा धंदा बसविला आणि ती जहाजे व त्यांच्या कंपन्या विहारयात्रांकडे वळल्या. बालिन यांनी हिवाळ्यापुरता केलेला प्रयोग आता बारमाही व्यवसाय बनला आणि कॅरिबियन समुद्र हे त्याचे मुख्य क्षेत्र झाले. तळमजला नाहीसा झाला. जहाजाची मूळ प्रकृती मात्र कायम राहिली. तेच पाणी सर्वांनी पिणे, त्याच मुदपाकखान्यातले सर्वांनी खाणे, तेच कठडे सर्वांनी धरणे, हे समुद्रावर कोणत्याही वर्गाला चुकत नाही. १९७३ च्या जूनमध्ये कॅरिबियनमधील एका विहारजहाजावर ६५० प्रवाशांपैकी सुमारे ९० टक्के आणि २९९ कर्मचाऱ्यांपैकी ३५ टक्के लोक ढाळांनी आजारी पडले. कारण होते शिगेला नावाचा आमांशाचा जंतू, आणि तो जहाजाच्या पाण्यातून व बर्फातून पसरला होता. टाकीतल्या पाण्याने घात करावा, हे ‘मोराव्हिया’नंतर ८१ वर्षांनी पुन्हा घडले. १९७४-७५ मध्ये आणखी दोन जहाजांवर साथी झाल्या. तेथे आग विझविण्यासाठी खेळविलेले समुद्राचे कच्चे पाणी मुदपाकखान्यात वापरल्याने शिजविलेल्या कोळंबीसारख्या पदार्थांत जंतू शिरले होते.

अशा साथींच्या पाठोपाठ अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जहाजांच्या आरोग्यतपासणीचा स्वतंत्र कार्यक्रम आखला. जहाजावर न कळविता जाऊन पाणी, मुदपाकखाना व दवाखान्याच्या नोंदी पाहावयाच्या आणि १०० पैकी गुण द्यावयाचे. ८६ पेक्षा कमी गुण म्हणजे अनुत्तीर्ण. नळाच्या सर्वांत लांबच्या टोकासही पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. १९८६ मध्ये हा कार्यक्रम काही काळ बंद करण्यात आला होता; लोकांच्या आणि खुद्द व्यवसायाच्याही मागणीवरून तो १९८७ मध्ये पुन्हा चालू झाला आणि १९८८ पासून त्याचा खर्च जहाजकंपन्यांनी तपासणीच्या शुल्कातून भागवावयाचा ठरला. ज्या कंपन्यांच्या पूर्वसुरींनी बंदराच्या डॉक्टरला टाळण्यासाठी शब्द शोधले, त्यांनीच पुढे तपासनीस मागून घ्यावा, हे स्थित्यंतर लहान नव्हे. कारण उघड आहे. स्थलांतरिताला दुसरे जहाज नव्हते, विहारप्रवाशाला असते.

पाण्याचा बंदोबस्त झाला, तेव्हा दुसरे कारण पुढे आले. १९६८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या एका शाळेत ढाळवांतीची साथ झाली होती. तिच्या नमुन्यांत आल्बर्ट कपिकियन यांना १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक अतिसूक्ष्म विषाणू दिसला. गावाच्या नावावरून त्यास पुढे ‘नोरोव्हायरस’ हे नाव मिळाले. हा विषाणू पाण्याचीच वाट पाहत नाही. रोग्याच्या हातांनी, वांतीच्या उडालेल्या कणांनी, दाराच्या मुठींनी तो पसरतो; थोडेसे कणही रोगास पुरतात; हातांना चोळण्याच्या मद्यार्कयुक्त द्रवाला तो सहजी दाद देत नाही, साबण व वाहते पाणी यांनीच हात धुवावे लागतात. लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत आजार सुरू होतो आणि बहुतेकांस दोन-तीन दिवसांत उतार पडतो. २००२ मध्ये डिसेंबरच्या आरंभापर्यंतच अमेरिकेत येणाऱ्या १७ जहाजांवर २१ साथी नोंदल्या गेल्या आणि वृत्तपत्रांनी विहारजहाजाला रोगाचे घर ठरविले. येथे आकड्यांच्या स्वरूपाकडे लक्ष दिले पाहिजे. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजांवरच्या सुमारे एक टक्काच असतात. बाकीच्या वृद्धाश्रम, उपाहारगृहे व शाळा यांतील असतात. जहाजावर प्रत्येक रोग्याची नोंद करण्याची सक्ती आहे आणि ३ टक्के प्रवासी वा कर्मचारी आजारी पडले की ती साथ जाहीर केली जाते. जमिनीवर अशी मोजदाद कोणी करीत नाही. एके काळी न मोजल्यामुळे निर्दोष दिसणारे जहाज आता मोजल्यामुळे सदोष दिसू लागले.

विलगवासाचा नियमही कायम आहे. त्याची जागा तेवढी बदलली. बेटाऐवजी आता रोग्याला स्वतःच्याच खोलीत राहण्यास सांगितले जाते. अन्न हाताळणाऱ्या आजारी कर्मचाऱ्याला लक्षणे थांबल्यावर आणखी ४८ तास कामावर घेता येत नाही. खोलीत मीठ-साखरेचे पाणी, सौम्य अन्न, स्वतंत्र शौचालय, क्लोरीनने पुसलेल्या मुठी : स्विनबर्न बेटाच्या तुलनेत हा विलगवास राजेशाही म्हणावा लागेल. तरीही त्याची किंमत आजारी माणूसच भरतो. आठ दिवसांच्या सहलीतले तीन दिवस चार भिंतींत काढावयाचे म्हणजे भाड्याचा मोठा भाग वाया गेला, हा हिशेब कोणालाही चटकन करता येतो. आणि तो करताना ‘बोट लागली असेल’ हे उत्तर आजही तयारच असते.

२००९ च्या जानेवारीत एका विहारजहाजावर झालेल्या नोरोव्हायरसच्या साथीचा रोगनियंत्रण केंद्राने नंतर अभ्यास केला. १,८४२ प्रवाशांपैकी १,५३२ जणांनी प्रश्नपत्रिका भरून दिली. त्यांतील २३६ जणांना साथीचा आजार झालेला होता. जहाजावर चढतानाच्या गर्दीत कोणीतरी वांती करताना पाहिल्याचे आजारी पडलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले. जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी प्रत्येक उतारूकडून अलीकडे ढाळ वा वांती झाली आहे काय, हे लिहून घेण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. आजारी पडलेल्या २३६ जणांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी जहाजाच्या दवाखान्याला काहीच कळविले नव्हते.